लुलवाचा मणका आणि तीन गाड्या

कुवेतहून परत आलेल्या माणसाला लोक उन्हाळ्याबद्दल विचारतात. पन्नास डिग्रीत माणसं जगतात कशी, नळाचं पाणी उकळतं हे खरं का, असं. मी सात वर्षं तिथं काढली आणि मला आठवते ती थंडी. फेब्रुवारीतली, वाळवंटातली, दातावर दात आपटणारी. त्या थंडीत मी तीन दिवस वाळवंटात जाऊन आले, त्याची ही हकीकत. त्या तीन दिवसांत मी तीन गाड्या चालवल्या, ज्या चालवायचं मला काही कारण नव्हतं.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची मिरजेची. जाब्रियातल्या एका इस्पितळात नोकरी होती आणि इस्पितळापासून चालत दहा मिनिटांवर फ्लॅट. फ्लॅटमध्ये तिघी राहायचो. बाकीच्या दोघी केरळच्या नर्स. तिघींच्या कामाच्या पाळ्या कधी जुळल्या नाहीत. सिंकमधली ओली कपबशी बघून मला कळायचं, की लिसी येऊन गेली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना सुरुवातीला जायची. तिथं सगळी कुटुंबं असत. मुलं आईबापांना इंग्रजीत उत्तरं देत आणि आईबाप मराठीत ओरडत. मी चाळिशीला आलेली, बिनलग्नाची. मला कुठल्या टेबलावर बसवायचं हा प्रश्न टेबलं लावणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर दरवेळी दिसे. पुढं मीच जाणं कमी केलं. दुसऱ्या वर्षी मिरजेत आई गेली. तिकीट मिळून मी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. त्यानंतर फोन करायचा तो भावाला, आणि भावाशी बोलायचं म्हणजे तब्येत कशी आणि पाऊस कसा.

अशात लुलवा माझ्याकडे पेशंट म्हणून आली. लुलवा म्हणजे मोती. बावीस वर्षांची, बँकेत नुकतीच लागलेली. आदल्या हिवाळ्यात वाळवंटात चारचाकी बाईक चालवताना टेकाडावरून उडी मारली आणि सपाट जमिनीवर आदळली. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूनं चेपला. तीन महिने पट्ट्यात होती आणि पुढं आठ महिने माझ्या हाताखाली. आठवड्यातून तीन दिवस, एक एक तास. ती इंग्रजीत बोलायची आणि फार बोलायची. बँकेतला साहेब, मैत्रिणींची लग्नं, तिच्या आईची काळजी. मला आधी वाटायचं, पेशंट बोलतो आहे, बोलू द्यावं. मग लक्षात आलं, की ज्या दिवशी तिची वेळ नसते त्या दिवशी मी इस्पितळाबाहेर कुणाशी एक वाक्यही बोललेली नसते.

जानेवारीत तिचे वडील भेटायला आले. अबू बद्र, म्हणजे बद्रचा बाप. तिथं थोरल्या मुलाच्या नावानंच माणसाला हाक मारतात. ते लहानपणी दोन वर्षं मुंबईत वडिलांच्या पेढीवर राहिले होते, त्यामुळं त्यांना तोडकंमोडकं हिंदी येई.

"दकतूरा," ते म्हणाले. मी डॉक्टर नव्हते, पण तिथं पाठीला हात लावणारी प्रत्येक बाई दकतूराच. "लुलवा को गाडी मांगता. पुराना गाडी मैंने अम्गरा में भंगार को दे दिया. अभी तीन गाडी है, एक लेने का. दुकानवाला बोलता इंजिन अच्छा. मेरे को इंजिन नहीं मांगता, पीठ मांगता. तुम पीठ देखता. तुम चलाके देखो."

मी म्हटलं, मी आयुष्यात मोपेडशिवाय काही चालवलेलं नाही.

"किधर चलाया?"

"मिरजेत."

"रस्ता अच्छा है?"

"नाही."

"खलास," ते म्हणाले, आणि ठरलं.

शुवैख

त्या वेळी कुवेतला गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. मी बुधवारची रजा जोडून घेतली. दुपारी बापलेक मला घ्यायला आले आणि आम्ही शुवैखला गेलो. बंदराला लागून सगळी गॅरेजं, गोदामं, टायरवाले. रस्त्यावर इतकं तेल सांडलेलं, की चपलेचा तळ चिकटतो. जाब्रियातून तिथं गेलं की देश बदलल्यासारखा वाटतो. इथं उर्दू, मल्याळी, तेलुगू आणि बंगाली, अरबी फक्त पाट्यांवर.

या चारचाकी बाईकला तिथले लोक बग्गी म्हणतात. आपल्याकडे बग्गीत नवरदेव बसतो. इथं एकच सीट, मोटरसायकलचं हँडल आणि चार फुगीर टायर. ॲक्सिलरेटर हातानं पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्यानं दाबायचा असतो.

तीन दुकानांतून तीन गाड्या सुट्टीपुरत्या चालवून बघायला मिळाल्या. एक लाल, जपानी, हलकी, शर्यतीच्या धाटणीची. एक राखाडी, अमेरिकन, म्हशीएवढी, गिअर न बदलता चालणारी. तिसरी काळी, दिसायला लालची धाकटी बहीण, कुठल्या देशातली हे दुकानदारानंही नीट सांगितलं नाही. राखाडी सगळ्यांत महाग, लाल तिच्या थोडी खाली, काळी लालच्या तिसऱ्या हिश्शाला.

लालच्या दुकानात हैदराबादचा एक विक्रेता होता. मी वाकून मागची बाजू बघितली. दोन्ही मागची चाकं एकाच जाड दांड्यावर होती आणि मध्ये एकच स्प्रिंग.

"एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसरं पण हलणार?" मी विचारलं.

"थोडा तो हिलेगा, मॅडम."

"धक्का कुठं जातो?"

"स्प्रिंग में जाता है."

"आणि उरलेला?"

तो हसला. लुलवा मागं उभी होती, ती हसली नाही. ती लाल गाडीच्या हँडलवर हात ठेवून उभी होती आणि तिचा अंगठा आपोआप दाबल्यासारखा हलत होता. तिनं मनात निवड केलेली होती, हे मला तिथंच कळायला हवं होतं.

मुतलाच्या पलीकडे

जहरा सोडलं की रस्ता मुतलाच्या चढाला लागतो. चढ म्हणजे आपल्या घाटासमोर काहीच नाही, पण तेवढ्या सपाट देशात तोच डोंगर. वर गेलं की दोन्ही बाजूंना हिवाळी तंबू लागतात. तिथली कुटुंबं थंडीचे तीनचार महिने सुट्टीला वाळवंटात येऊन राहतात. घरी संगमरवरी जिना आणि लिफ्ट, आणि इथं येऊन लाकडाच्या धुरात चहा करायचा. मला ते आधी नाटक वाटायचं. मग आठवलं, आपली पुण्या-मुंबईची माणसंसुद्धा गावी जाऊन चुलीवरची भाकरी मागतात.

डांबरी रस्ता सोडल्यावर अबू बद्र एकच गोष्ट दोनदा बोलले. "दकतूरा, जिधर टायर का निशान है उधर चलाने का. लोहा दिखा, हाथ नहीं लगाने का." नव्वद सालच्या लढाईत पेरलेलं बरंच काही अजून त्या वाळूत होतं. साफ केलं म्हणत, पण वारा वाळू हलवतो आणि खालचं वर येतं.

तळावर पाच तंबू होते. बायकांचा एक, पुरुषांचे दोन, एक स्वयंपाकाचा, एक सामानाचा. मागं जनरेटर. लुलवाची आई, उम्म बद्र, बायकांच्या तंबूच्या दाराशी आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि अरबीत बोलत राहिली, बराच वेळ. बोलताना तिचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. मी लुलवाकडे बघितलं.

"आई म्हणते, तुमच्यासारखं जेवण इथं जमणार नाही, पण घर समजा," लुलवा म्हणाली.

एवढंच? मला वाटलं, अरबी लांबट भाषा असेल. मी मान डोलावली, छातीवर हात ठेवला आणि "शुक्रन" म्हटलं. उम्म बद्रनं एकदम माझे हात घट्ट दाबले आणि सोडले.

रात्रीच्या जेवणाला भात होता, त्यात मूग, आणि वर कांद्यात परतलेली सुकी कोळंबी. ताट घेऊन तळाचा राखणदार आला. पन्नाशीचा, पांढरी दाढी, डोक्याला लोकरीची टोपी. माझ्याकडे बघून थांबला.

"मॅडम इंडिया?"

"मिरज," मी म्हटलं.

त्याचा चेहरा बदलला. "मंजे घाटावरच्या. मी हर्णैजवळचा. इस्माईल." ताट ठेवून खाली बोट दाखवलं. "ही काय, सोड्याची खिचडीच समजा. मसाला तेवढा ह्यांचा."

चार महिन्यांत माझ्याशी कुणी समोर उभं राहून मराठी बोललं नव्हतं. मी काहीतरी उत्तर दिलं असणार. काय दिलं ते आठवत नाही.

गुरुवार, तीन गाड्या

सकाळी उम्म बद्र वाळूत बसून फगा सोलत होती. फगा म्हणजे वाळवंटात पावसानंतर जमिनीखाली येणारी अळंबी. बटाट्याएवढी, वाळूनं माखलेली. मी शेजारी बसले आणि तिच्यासारखं सुरीनं खरवडू लागले. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. आम्ही टोपलीभर फगा सोलले. मध्येच तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गाड्यांकडे बघून मान नकारार्थी हलवली. मला वाटलं, मी गाडीवर बसणार म्हणून ती माझी काळजी करते आहे.

इस्माईलभाईंनी जुन्या टायरच्या खुणा ठेवून एक फेरी आखली होती. आधी सपाट वाळू, मग पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक लाटा, मग एक छोटं टेकाड, मग डावीकडे आखूड वळण. प्रत्येक गाडीवर तीन फेऱ्या मारायच्या आणि उतरल्यावर वहीत लिहायचं. पेशंटला विचारते तेच मी स्वतःला विचारायचं ठरवलं. कुठं दुखलं आणि दहापैकी किती.

पहिली लाल. हिला क्लच होता, माझ्याकडून दोनदा बंद पडली. एकदा सुटली मात्र आणि मी घाबरले. हँडल वळवायचा विचार केला की ती वळलेली असे. वळणावर मागची चाकं घसरत आणि परत रांगेत येत. पण लाटा लागल्या तशी माझी माकडहाडापासून मानेपर्यंत एकेक कडी वाजू लागली. बसून चालवायची ती गाडीच नाही. लुलवा कडेला उभी राहून ओरडत होती, "उभ्या राहा. गुडघ्यांवर घ्या." मी पायटेकणीवर उभी राहिले आणि धक्का खरंच गुडघ्यांत गेला. पण उभं राहून किती वेळ चालवणार? दमल्यावर माणूस बसतो, आणि बसला की तो मणक्यावर बसतो. वहीत लिहिलं, कंबर, सहा.

दुसरी काळी. पहिल्या फेरीला बरी वाटली. लहान, हलकी, नवशिकीला सोपी. दुसऱ्या फेरीला ब्रेक दाबला तर एका बाजूला ओढू लागली. तिसऱ्या फेरीनंतर इस्माईलभाई खाली वाकले, मागच्या शॉकॲब्सॉर्बरला बोट लावलं आणि मला दाखवलं. बोटाला तेल.

"तीन फेऱ्यांत रडली," ते म्हणाले. "हिला घेऊन काय करायचा? एका सीझनात भंगारात जाईल."

स्वस्त होती खरी. मी लिहिलं, कंबर आठ, मान पाच.

तिसरी राखाडी. हिची चारही चाकं आपापल्या स्प्रिंगवर होती. एक चाक दगडावर चढलं तर बाकीच्या तिघांना पत्ता नसे. इस्माईलभाईंनी स्प्रिंगखालची कडी हुक पान्यानं माझ्या वजनाला सैल करून दिली, चाकांतली थोडी हवा सोडली. पहिल्या फेरीला लाटा आल्या आणि गेल्या, मला कळलंच नाही. वळायला मात्र जड. हँडल खांद्यानं ओढावं लागे, आणि तिरप्या उतारावर ती अंगाखालून कलंडायला बघे. पण पाठ? दहापैकी एक. मी तीन फेऱ्या मारल्या आणि मला अजून हवी होती. टेकाडापलीकडे टायरच्या खुणा पुढं जात होत्या. म्हटलं, एवढ्यात वळते.

आता लिहिताना कळतं, की तिथंच त्या गाडीचा दोष होता. ती इतकी मऊ, की वेग कळत नव्हता आणि अंतरही.

एका खोलगट जागी पुढची चाकं भुसभुशीत वाळूत गेली. मी अंगठा दाबला, मागची चाकं गरगरली आणि गाडी पोटावर बसली. मागं वळून बघितलं तर तळ दिसत नव्हता. वारा सुटला होता. माझ्या टायरच्या खुणांच्या कडा ढासळायला लागल्या होत्या. चालत जावं तर खुणा सोडायच्या नाहीत, आणि खुणा माझ्या डोळ्यांदेखत पुसल्या जात होत्या. मोबाइलला रेंज नव्हती.

मी गाडीवरच बसून राहिले. दीड तास असेल. पहिला अर्धा तास भीती वाटली. मग भीती गेली आणि दुसरंच काही आलं. मी विचार करू लागले, मला काही झालं तर कुणाला कळवतील? इस्पितळाच्या फॉर्ममध्ये तो रकाना असतो. त्यात मी आईचं नाव लिहिलं होतं आणि ते कधी बदललं नव्हतं. तीन वर्षं झाली. बदलून कुणाचं लिहायचं, हे मला तेव्हाही सुचत नव्हतं आणि त्या वाळूत बसूनही सुचलं नाही. भावाचं लिहिता आलं असतं. लिहिलं नव्हतं. लुलवाचं नाव मनात आलं, आणि मला त्याची लाज वाटली. पेशंट ती.

मग पिकअपचा आवाज आला.

परतताना

इस्माईलभाईंनी दोरखंड लावून गाडी बाहेर काढली, मागच्या हौद्यात चढवली आणि मला थर्मासमधला चहा दिला. वेलची आणि केशर घातलेला, फार गोड. मी तो पिऊन संपवल्यावर त्यांनी पिकअप सुरू केली.

"साहेबाला नाय सांगितला," ते म्हणाले. "बोललो, मॅडम लांबची फेरी मारते. बायकू घाबरली असती."

"उम्म बद्र?"

"तर. आधीच काल तुमच्यापुढं एवढी रडकुंडीला आली."

मी त्यांच्याकडे बघितलं. "काल ती मला घर समजा म्हणाली ना?"

त्यांनी पिकअप थांबवली. "कोण बोललं असा?"

"लुलवा. तिनंच सांगितलं अर्थ."

इस्माईलभाईंनी हँडब्रेक ओढला. एकवीस वर्षं कुवेतला, त्यातली बारा याच कुटुंबाकडे. त्यांना अरबी घरच्यासारखी येत होती आणि कुठं बोलू नये हेही कळत होतं.

"मी भांडी घेऊन मागं उभा होतो, बाय. कानावर आला म्हणून सांगतो. ती बोलली, माझी पोरगी एकदा वाचली ती अल्लाची मेहेरबानी. दुसऱ्यांदा मागायला मला तोंड नाय. तिचा बाप तिला नाय म्हणू शकत नाय, माझा कोण ऐकत नाय. तुझा ऐकतील. तू नाय म्हण. आणि तुमी काय केलंत? छातीवर हात ठेवून मान हलवलीत."

म्हणजे मी तिला शब्द दिला होता.

तळ दिसू लागल्यावर ते म्हणाले, "माजी पण पोर आहे. लगीन झाला तेव्हा मी इथंच होतो. व्हिडिओ कॅसेट पाठवली भावानं. ह्यांच्याच टीव्हीवर बघितली."

संध्याकाळ

लुलवा मला शोधतच होती. बाकीचे आत चहाला बसले होते, आम्ही दोघी तंबूच्या दोऱ्यांजवळ उभ्या राहिलो. सूर्य मावळत होता आणि अरफजच्या झुडपांवरची पिवळी फुलं अजून दिसत होती.

"उद्या बाबा विचारतील," ती म्हणाली. "लाल चांगली आहे म्हणा. चालवायला तीच चांगली आहे, खोटं नाही ते."

"खोटं नाही," मी म्हटलं. "पण तू मला आईचं बोलणं खोटं सांगितलंस."

ती दचकली नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं ते मला माहीत आहे. मी त्याला काही बोलणार नाही."

"का केलंस?"

"कारण तुम्ही तिचं ऐकलं असतं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "वर्ष झालं. घरात कोणी मला ग्लास उचलू देत नाही. बँकेत साहेब खुर्ची ओढून देतो. सगळे पाठीशी बोलतात, माझ्याशी कोणी बोलत नाही. गाडीवर बसले की मागं कोणी नसतं. तुम्हाला तरी कळायला हवं."

"मला का?"

"तुम्ही कुठंच जात नाही. इस्पितळ आणि खोली. तुम्हीच सांगितलंत. आज तुम्ही टेकाडापलीकडे गेलात, का गेलात?"

ती बरोबर बोलत होती. आणि मला ठाऊक होतं, की महिनाभरात तिचा उपचार संपतो. मी लाल म्हटलं तर ती मला येत्या प्रत्येक हिवाळ्यात इथं बोलावील. नाही म्हटलं तर संपलं. हा हिशेब मी त्या संध्याकाळी केला, हे कबूल करते. बराच वेळ केला.

"माझ्या मैत्रीण आहात ना तुम्ही?" ती म्हणाली.

सात वर्षांत कुवेतमध्ये माझ्यासाठी हा शब्द कुणी वापरला तो एवढाच.

शुक्रवार

न्याहारीला इराणी रोटी, अंडी आणि लोण्यात परतलेले फगा. मातीचा आणि पावसाचा वास, चव कंद आणि अळंबी यांच्या मधली. सगळे एकाच तंबूत बसले. उम्म बद्र कोपऱ्यात, चहा ओतत. अबू बद्रनी माझी वही मागितली. देवनागरी बघून परत दिली.

"बोलो, दकतूरा."

मी सांगितलं. थोडं हिंदीत, थोडं इंग्रजीत. काळी घेऊ नका, स्वस्त आहे एवढंच, तिचा शॉकॲब्सॉर्बर एका दिवसात गळायला लागला आणि ब्रेक ओढतो. चालवायला लाल सगळ्यांत चांगली, हातात राहते, चुकलं तर लगेच सांगते. पण ती सांगते ते पाठीला सांगते. पाठीला आणि पैशालाही राखाडी चांगली, महाग असली तरी दहा वर्षं टिकेल. पण ती काहीच सांगत नाही, म्हणून माणूस वेग वाढवतो. एखाद्या दिवशी स्प्रिंग संपेल आणि उरलेलं सगळं एकदम मणक्यात येईल. काल मी तिच्यावरून टेकाडापलीकडे जाऊन फसले होते, हेही मी सांगून टाकलं. इस्माईलभाईंनी मान खाली घातली.

"तो कौनसा?" अबू बद्र म्हणाले.

"तुमच्यासाठी राखाडी. लुलवासाठी यातली एकही नाही. या हिवाळ्यात नाही. हाड भरलं आहे, पण आकार बदललेला आहे. अजून एक वर्ष स्नायू तयार करू दे, मग परत बघू."

अबू बद्रनी दाढीवरून हात फिरवला. "मैंने तुमको गाडी चुनने को बुलाया था," ते हळू म्हणाले. रागानं नाही. सुटका होईल असं वाटत होतं आणि झाली नाही, अशा माणसाच्या आवाजात. उम्म बद्रला माझे शब्द कळले नव्हते, नवऱ्याचा चेहरा कळला. तिच्या हातातली किटली खाली टेकली.

लुलवा उठली आणि बाहेर गेली. मग लाल गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आम्ही सगळे बाहेर धावलो. ती आखलेल्या फेरीवर होती. पायटेकणीवर उभी, गुडघे सैल, पाठ सरळ, कोपर बाहेर. लाटा तिच्या खालून पाण्यासारख्या गेल्या. टेकाडावर ती हळू चढली, उडी मारली नाही, हळू उतरली. वळण घेतलं. मी वीस वर्षं शरीरं बघते आहे, त्याहून सुंदर काही फार बघितलेलं नाही. उम्म बद्रनं माझा दंड धरला होता आणि तिची नखं स्वेटरमधून टोचत होती.

एक फेरी मारून लुलवा आमच्यासमोर थांबली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं.

"बघा," ती मला म्हणाली. "काही झालं नाही."

ती तंबूत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

दुपारी इस्माईलभाईंनी मला पिकअपमधून जाब्रियाला सोडलं. उम्म बद्रनं निघताना फग्यांची पिशवी हातात दिली आणि या वेळी काहीच बोलली नाही, फक्त माझ्या कपाळाला ओठ लावले. तीन वर्षांत कुणी मला असं जवळ घेतलं नव्हतं. त्या पिशवीतले फगा मी लिसीला दिले. एकटीनं सोलत बसायचं मला होईना.

शनिवारी लुलवाच्या वेळेला मी खोली तयार ठेवली. ती आली नाही. सोमवारीही नाही. तिसऱ्या खेपेला तिनं दुसऱ्या इस्पितळात नाव घातल्याचं कळलं. अबू बद्रनी राखाडी गाडी घेतली, असं इस्माईलभाईंनी फोनवर सांगितलं, आणि ती तंबूत ताडपत्रीखाली पडून असते, असंही. पुढच्या वर्षी ते स्वतः हर्णैला कायमचे गेले. तो फोनही बंद झाला.

मी अजून दोन वर्षं राहिले. मग करार संपला आणि मी तो वाढवला नाही. निघायच्या आठवड्यात जाब्रियातल्या जमइयात, म्हणजे वस्तीच्या सहकारी दुकानात, साबण घ्यायला गेले होते. पुढच्या रांगेत एक मुलगी सगळ्यांत खालच्या फळीवरचं पाण्याच्या बाटल्यांचं खोकं उचलत होती. गुडघ्यांत वाकली, खोकं पोटाशी घेतलं, पाठ सरळ ठेवून उठली. वळली तर लुलवा.

दोघी उभ्या राहिलो.

"गुडघ्यांतून वाकले," ती म्हणाली. "बघितलंत ना?"

"बघितलं. दुखतं का?"

"थंडीत दुखतं. मी लाल घेतली, दकतूरा. माझ्या पगारातून. उड्या मारत नाही." खोकं सावरून ती म्हणाली, "आई अजून विचारते तुमच्याबद्दल."

"तिला माझा सलाम सांग. नीट सांग."

ती हसली. पहिल्यांदा यायची तेव्हा हसायची तशी, तोंडावर हात न ठेवता. खोकं तिनं दुसऱ्या कमरेवर घेतलं, म्हणजे घेऊ नये तसं, आणि मी काही बोलले नाही.

"या वर्षी तळावर या," ती म्हणाली. "हिवाळ्यात. नक्की या."

"येईन," मी म्हटलं.

माझं विमान त्याच गुरुवारी होतं.